लेकरांची हेळसांड

(पेण व रोहे तालुक्यांतील शेतकरी व कारागीर पालकांच्या मेळाव्यात एका खेड्यातील शाळामास्तरांनी केलेले भाषण)



कामाचा खाडा करून तुम्ही आलात, तेव्हा नमनालाच घडाभर तेल जाळीत नाही. मी डॉक्टर नव्हे, वकीलही नव्हे. अध्यापक विद्यालयातून शिकून बाहेर पडलेला आणि वीस वर्षे खेड्यातल्या पोरांत काढलेला मास्तर आहे. मला बोलायचे आहे ते आपल्याच घरच्या लेकरांविषयी. त्यातले काही तुम्हाला कडू लागेल. पण कडू काढा दारात आलेल्या पाहुण्याला देत नाहीत, घरच्या माणसालाच देतात.

सन २०२० हे साल आपल्या दोन्ही तालुक्यांना काळे गेले. त्या जुलैत रोहे तालुक्यात चौदा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. साल सरता सरता, डिसेंबरात, पेण तालुक्यात आदिवासी घरातील तीन वर्षांच्या चिमुरडीची तीच गत झाली. सारा जिल्हा हादरला, लोक रस्त्यावर आले, फाशीची मागणी झाली. ते योग्यच झाले. ज्या समाजाला अशा वेळी संताप येत नाही तो समाज मेलेलाच समजावा. पण मला तुम्हाला विचारायचे आहे ते निराळेच. जे मूल एका रात्रीत मारले जात नाही, रोज थोडे थोडे खुरटत जाते, त्याच्यासाठी मोर्चा कोण काढतो? त्याचा गुन्हेगार कुठल्या ठाण्यात हजर करायचा? तो तर रोज संध्याकाळी त्याच ओटीवर बसून चहा पितो.

दर जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरतो. तीस पोरांत चार-पाच तरी अशी निघतात की नाव विचारले तर तोंडातून शब्द फुटत नाही. मास्तराने डोके खाजवायला हात वर केला तरी पोर दोन्ही हातांनी तोंड झाकते. कोणी आठवडाभर एका कोपऱ्यातून हलत नाही. कोणी शेजारच्या पोराला चावतो. अशा पोराला घरचे म्हणतात ‘ढ’ आहे, शेजारी म्हणतात बापावर गेलाय. एके काळी शिकलेली माणसे आपल्या सगळ्यांच्याच पोरांविषयी असे बोलत. कुणब्याच्या, आगऱ्याच्या, कुंभाराच्या, कातकऱ्याच्या पोराला विद्या यायची नाही, ती त्याच्या रक्तातच नाही! ते खोटे होते हे आपल्या पोरांनी पदव्या घेऊन दाखवून दिले. पण मौज पाहा, परक्याने म्हटले तर ज्या बोलण्याने आपले माथे भडकते, तेच आपण आपल्या पोराला चुलीपाशी बसून रोज ऐकवतो की, “तुझ्या डोक्यात शेण भरलंय.”

तर ‘ढ’ पोर कसे तयार होते हे समजून घेऊ. जन्माला आलेल्या बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढा असतो. दोन वर्षांत तो तीन हिश्शांएवढा होतो आणि पाच-सहा वर्षांत नव्वद टक्के वाढ उरकते. म्हणजे पोराचे नाव शाळेच्या पटावर चढते, तोवर पायाचे काम बहुतेक झालेले असते. ही वाढ नुसत्या दुधाभातावर होत नाही. बाळ हुंकार देते, आई उलट बोलते, बाळ बोट दाखवते, आजा सांगतो, “तो बघ कावळा.” हे देणेघेणे दिवसातून शंभरदा होते तेव्हा मेंदूतल्या तारा जोडल्या जातात. ज्या बाळाच्या हुंकाराला कोणी उत्तरच देत नाही, ते हळूहळू हुंकारणे सोडून देते. घरचे म्हणतात, “किती शहाणं बाळ, मुळी रडत नाही!” बायांनो, अशा फार शहाण्या बाळाकडे जरा लक्ष द्या.

भीतीचे काम याहून वाईट. माणूस घाबरला की अंगात कॉर्टिसॉल नावाचा रस सुटतो. साप दिसला तर तो उपकारकच आहे. त्याच्या जोरावर आपण उडी मारून पळतो. पण रोज संध्याकाळी दारूड्या बापाची पावले ओळखून ज्या पोराच्या पोटात गोळा येतो, त्याच्या अंगात हा रस मुरत राहतो आणि ज्या भागात आठवण, लक्ष व विचार यांचे काम चालते तिथेच बाधा आणतो. खाडीकाठच्या माणसाला मी हे दोन शब्दांत समजावू शकतो. खारबंदिस्तीला खांड पडते, उधाणाचे पाणी एकच रात्र शेतात शिरते. पाणी दुसऱ्या दिवशी निघून जाते, पण मीठ जाते का? पुढले दोन-तीन पावसाळे त्या शेतात धड पीक येत नाही. कोणी त्या जमिनीला ‘ढ’ म्हणते का? आपण म्हणतो खांड पडली होती, आणि बांध घालायला धावतो. पोराच्या बाबतीत मात्र बांध कोणी फोडला हे न विचारता जमिनीलाच शिव्या देतो.

आता माराविषयी. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने एका मोठ्या पाहणीचा अहवाल काढला. १३ राज्ये, त्यांत आपला महाराष्ट्रही. १२,४४७ मुलांना विचारले. दर तीन मुलांतल्या दोघांनी अंगावर मार खाल्ल्याचे सांगितले, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मारणारे त्यांचेच आईबाप होते. हे वाचून मला अचंबा वाटला नाही, तुम्हालाही वाटणार नाही.

लगेच कोणी उठून म्हणेल, “मास्तर, आम्ही मार खाऊनच मोठे झालो!” झालात, खरे आहे. २००५ च्या जुलैतल्या महापुरात सापडून जे काठाला लागले तेही सांगतात की आम्ही पाणी कापत आलो. जे वाहून गेले ते सांगायला आले नाहीत. तुमच्याबरोबर शाळेत असलेली, माराच्या भयाने तिसरी-चौथीतच शाळा सोडून गुरांमागे गेलेली पोरे आठवा. ती या मेळाव्यात नाहीत.

मार खाऊन पोर शिकत नाही असे मी म्हणत नाही. ते पुष्कळ शिकते. खोटे कसे बोलावे ते शिकते. आपल्याहून लहानाला कुठे चिमटा काढावा म्हणजे वळ दिसत नाही, ते शिकते. जो मोठा तो मारणार आणि जो धाकटा तो सोसणार, हा धडा त्याला पाठ होतो, आणि पुढे तो बायकोवर गिरवला जातो. गणिताचा धडा मात्र राहतो. कारण मार खाणाऱ्या पोराचे डोळे मास्तराच्या हाताकडे असतात, फळ्याकडे नव्हेत. पेणच्या कारखान्यातल्या कारागिराला मी विचारतो, मूर्ती साच्यातून काढली, अजून ओली आहे, नाक जरा वाकडे आले, तर तू तिला चापट मारतोस का? ओल्या मातीला हात कसा लावायचा हे ज्याला कळते, त्याने घरी येऊन पोराचा कान उपटावा हे मला समजत नाही.

शरीराची हानी तर वेगळीच. कानशिलात जोराने मारल्याने कानाचा पडदा फाटतो. मग त्या पोराला ऐकू येत नाही आणि आपण म्हणतो ऐकत नाही. तान्हे रडून रडून थांबत नाही म्हणून दंडांना धरून गदागदा हलवले तर त्याच्या मेंदूत रक्त साकळते. बाळ आंधळे होते, झटके येतात, मरतेही. बाळ आवरेनासे झाले आणि डोक्यात राग चढला, तर त्याला चटईवर निजवून दोन मिनिटे अंगणात जाऊन उभे राहा. रडून कोणी मरत नाही. शाळेतल्या छडीचे म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने ती बंद केली आहे. शरीराचा मार आणि मनाचा छळ, दोन्ही. काही पालक मला येऊन सांगतात, “मास्तर, हाडं आमची, कातडी तुमची.” मी सांगतो, हाडेही त्याचीच आणि कातडीही त्याचीच.

पण नुसता मारच मुलाला खुरटवतो असे नाही. न मारता, न शिव्या देता, नुसते विसरून जाण्यानेही तेच होते. आणि इथे मी आईबापांना दोष देण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

आपल्या कोकणातली हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. बायाही गेल्या. सकाळी भोंगा झाला की तान्हे चाळीच्या खोलीत टाकून जायचे; ते दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी चारायची. १९२० नंतरच्या काळात सरकारी पाहणीत ही गोष्ट उघड झाली. त्या आया राक्षसिणी होत्या काय? नव्हत्या. घरी राहावे तर चूल पेटत नव्हती. म्हणून १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या रजेचे बिल आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली, आणि १९२९ साली तो कायदा झाला. त्याच्याही आधी, १८८४ पासून, नारायण मेघाजी लोखंडे गिरणीकामगारांना आठवड्याची एक सुटी मिळावी म्हणून झगडत होते. ती १८९० साली मिळाली. रविवारची सुटी आपण मटणासाठी समजतो. मी म्हणतो ती पोराला बाप दिसण्यासाठी होती.

बाळागोळी गेली, असे वाटते ना? तिचे रूप बदलले. आता ती खिशात मावते आणि तिला चार्जर लागतो. गणपतीच्या हंगामात हमरापूर-जोह्याच्या बाजूला रात्र रात्र रंगकाम चालते. घरातली सगळी माणसे ब्रश घेऊन बसलेली, प्लास्टरची पूड उडते आहे, आणि दीड वर्षाचे मूल कोपऱ्यात मोबाईल तोंडापुढे धरून गप्प. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की वर्षाच्या आतल्या बाळाला आणि एक वर्षाच्या मुलालाही पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून अधिक नको. मोबाईल अफू नव्हे हे मला कळते. पण तो मुलाला प्रश्नाचे उत्तर देत नाही आणि त्याच्या हुंकाराला हुंकारही देत नाही. काम बंद करा असे मी सांगत नाही. हंगाम बुडाला तर वर्ष बुडते. मूर्तीला हात लावू नको म्हणून हाकलण्याऐवजी त्याच्या हातात मातीचा एक गोळा द्या आणि काम करता करता त्याच्याशी बोला. तोंड तर मोकळेच असते ना?

दुसरी गोष्ट थोरल्या बहिणीची. लावणीचे दिवस आले की आठ वर्षांची ताई शाळेत यायची बंद होते, का तर धाकट्याला सांभाळायचे. स्वतः अजून एवढीशी, कडेवर एक शेंबडे पोर. आई चिखलात, बाप चिखलात. यात एक नव्हे, दोन लेकरांची हेळसांड होते; धाकट्याला आई मिळत नाही आणि थोरलीला बालपण मिळत नाही. हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाऊणशे वर्षांमागे ओळखले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले. पोरे बालवाडीत येत नाहीत असे पाहून त्यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली; अंगणवाडी हा शब्द तिथला. आणि थोरली मुलगी धाकट्यामुळे अडते असे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडी काढली. १९५७ साली त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज गावोगाव सरकारची अंगणवाडी आहे, १९७५ सालच्या योजनेतून आलेली. पण आपण तिला खिचडीचे दुकान समजतो. अंगणवाडीताई पोरांशी बोलते का, खेळते का, हे विचारायला कोणी जात नाही. डाळ कमी पडली तर मात्र सगळे जातात.

आता आपल्या डोंगरातल्या कातकरी बांधवांकडे या. दिवाळी झाली की वाड्या ओस पडतात. मालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खे कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने. त्यामुळे लहान हातालाही किंमत येते. पहाटेच्या अंधारात आईबाप गारा तुडवतात, आणि कच्च्या विटा पालटण्याचे ‘हलके’ काम पोरांकडे येते. भट्टीवर ना अंगणवाडी ना शाळा. पोर जूनमध्ये परत येते ते मागचे सगळे विसरून. मग वर्गात हसे होते, मग ते येतच नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आणि बालमजुरीवर १९८६ साली कायदा आला. उचल मात्र चालूच आहे.

ही उचल कुठवर जाते ते २०२२ साली महाराष्ट्राने पाहिले. नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीच्या बाजूला, याच कातकरी समाजातली लहान लहान मुले काही हजार रुपये आणि एखादे मेंढरू देऊन मेंढ्या राखायला नेलेली सापडली. त्यांतली एक दहा वर्षांच्या आसपासची मुलगी मेली, तेव्हा प्रकार उघडकीला आला. वर्तमानपत्रांतून आईबापांवर राग निघाला. रागावणारांनी एकदा त्यांच्या वाडीत जाऊन बसावे. ज्याच्या घराखालची जमीनही त्याच्या नावावर नाही आणि ज्याची पुढच्या वर्षाची मजुरी आधीच विकली गेली आहे, त्याच्यापाशी विकायला राहते काय? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते की शेतकऱ्याचे पोर गुरे राखायला आणि शेतात लागते म्हणून शाळेत येत नाही. आणि निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा असे मागितले होते. शिक्षणाच्या हक्काचा कायदा यायला २००९ साल उजाडले.

इतके दूर कशाला, आपल्या गावकीचेच पाहू. हे बोलताना काही मंडळी चुळबुळ करतील, करोत. २०१४-१५ च्या सुमारास रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकण्याच्या तक्रारी इतक्या पुढे आल्या की जिल्ह्याचे नाव सगळ्या राज्यात झाले, आणि २०१६ साली विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. भांडण असते पायवाटेचे, निवडणुकीचे, नाहीतर देवळाच्या वर्गणीचे. पण वाळीत टाकलेल्या घरातल्या पोराला दुकानदार पेन्सिल देत नाही, खेळायला कोणी घेत नाही, वर्गात शेजारी कोणी बसत नाही. बापाने गावकीचे काही बिघडवले असेल; सहा वर्षांच्या पोराने काय बिघडवले? माणसांत राहून माणूस मिळू नये ही शिक्षा मोठ्याला सोसवत नाही, ती आपण लहानाला देतो आणि त्याला गावाची शिस्त म्हणतो.

याच गावकीत आणखी एक पाप झाकले जाते. मुलीच्या, आणि मुलाच्याही, अंगाशी कोणी गैर वागले तर पंच बसतात, दंड ठरतो, नारळ फुटतो, आणि “गावाची अब्रू गावात राहिली” म्हणून सगळे घरी जातात. लेकराच्या अब्रूचे काय, ते राहिले बाजूला. २००७ च्या ज्या अहवालाचे मी बोललो, त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला होता. त्यांत मुलगेही होते. असा त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, नात्यातला, शेजारचा, खाऊ देणारा. म्हणून पोर अचानक कोणाकडे जायला नकार देऊ लागले, झोपेत दचकू लागले, मोठे असून अंथरुण ओले करू लागले, अभ्यासातून एकाएकी उतरले, तर धपाटा घालण्याआधी जवळ बसवून विचारा. आणि त्याने सांगितले तर पहिले वाक्य एवढेच असावे: “तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही.” “तू तिथं गेलीसच कशाला?” हे वाक्य तोंडातून निघाले की ते पोर पुन्हा जन्मात बोलत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना न कळविणे हाच गुन्हा आहे. पंचांनाही तो लागू आहे. मुलाचे नाव छापायला किंवा सांगायला कायद्याची बंदी आहे, म्हणून बोभाट्याचे भय धरू नका. १०९८ हा दूरध्वनी क्रमांक फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही. पोराला तो पाठ करून ठेवा.

एवढे ऐकून तुम्ही म्हणाल, पायाचे काम पाच वर्षांत उरकते, तर आमच्या दहा वर्षांच्या पोराचे आता झाले ते झाले! नाही हो. खाऱ्या जमिनीतले मीठ पाऊस धुऊन काढतोच, फक्त आधी बांध घालावा लागतो. यावर परदेशातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

रुमानियात १९८९ पर्यंत हजारो मुले सरकारी अनाथालयांत ठेवलेली होती. खाटा होत्या, जेवण होते, कपडे होते. नव्हते ते त्यांचे म्हणावे असे माणूस. मुले डोलत बसत, बोलत नसत. २००० सालापासून बुखारेस्ट शहरात अशा १३६ मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुले चांगल्या घरांत सांभाळायला दिली. ती बुद्धीत पुढे गेली, माया करू लागली. आणि जी दोन वर्षांच्या आत घरी गेली ती सर्वांत अधिक सुधारली. राब भाजून केलेले रोप वेळेवर लावले तर आणि महिनाभर उशिरा लावले तर काय फरक पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. उशिरा लावलेलेही येते, पण मेहनत दुप्पट लागते.

दुसरी गोष्ट जमैका बेटावरची, आणि ती मला जास्त आवडते, कारण तिच्यात ना मोठी इमारत आहे ना महागडे यंत्र. किंग्स्टनच्या गरीब वस्तीतली, वाढ खुंटलेली १२९ मुले, वय नऊ महिने ते दोन वर्षे. १९८६-८७ साली काम सुरू झाले. आरोग्य खात्याची साधी कार्यकर्ती आठवड्यातून एकदा, एक तास, काही मुलांच्या घरी जाई. घरच्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला दाखवी की पोराशी असे खेळ, असे बोल, चांगले केले की शाबासकी दे. दोन वर्षे एवढेच केले. वीस वर्षांनी ती मुले कमावती झाली तेव्हा हिशेब मांडला, तर ज्यांच्या घरी ही बाई जात होती ती, तशाच पण तिच्याविना वाढलेल्या मुलांपेक्षा पंचवीस टक्के अधिक कमावीत होती. आपल्याकडे आशाताई आहे, अंगणवाडीताई आहे, आजी आहे. भातुकलीची बोळकी आहेत, चिंचोके आहेत. खर्च कसला आहे?

उलट बाजूचाही हिशेब ऐका. अमेरिकेत सॅन डिएगो शहरी ९,५०८ मोठ्या माणसांना त्यांच्या बालपणाविषयी विचारून १९९८ साली एक अहवाल छापला गेला. मार, छळ, घरातले व्यसन, आईला होणारी मारहाण अशा गोष्टींपैकी चार किंवा अधिक ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यांच्यात दारूचे व्यसन, खिन्नता आणि जीव देण्याचा प्रयत्न यांचे प्रमाण, ज्यांना असे काहीच सोसावे लागले नव्हते त्यांच्यापेक्षा चार ते बारा पट निघाले. म्हणजे गुत्त्यावर आज जो पडलेला दिसतो, त्याच्या पहिल्या घोटाची सुरुवात कदाचित तो सहा वर्षांचा असताना झाली होती. हे त्याला माफी द्यावी म्हणून सांगत नाही. त्याच्या घरी आज सहा वर्षांचे पोर आहे म्हणून सांगतो.

आणि परदेशच कशाला? १८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. एका ब्राह्मण विधवेचे मूल, जे जगाच्या रीतीप्रमाणे जन्मताच मारून टाकले गेले असते, ते त्यांनी १८७४ साली दत्तक घेतले. तेच डॉक्टर यशवंत. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना उचलून त्याच्याच दवाखान्यात आणीत होत्या. समाजाने टाकलेल्या पोराला एक घर आणि दोन माणसे मिळाली, एवढाच फरक पडला. पण तो पडला.

वेळ संपत आली, म्हणून कामाचे बोलतो. दिवाळीनंतर भट्ट्यांसाठी माणसे निघतील. त्याआधी ज्यांच्या वाडीतून कुटुंबे जाणार आहेत त्यांनी मुलांची नावे, इयत्ता आणि कुठल्या गावच्या भट्टीवर जाणार ते शाळेत कळवावे. मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक देता येते. ते दाखविले की तिकडच्या शाळेने पोराला बसवून घेतलेच पाहिजे. आजी-आजोबा गावातच राहणार असतील तर पोराला मागे ठेवा. पुरेशी नावे झाली तर हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने पाठवता येईल, म्हणजे जेवणाची सोय होईल. समितीत पालक तुम्हीच आहात, ठरावाला हात तुमचेच लागतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगितले तरी चालेल. मी दारापाशी वही घेऊन बसतो आहे. जाताना नावे सांगून जा.